काळजाचा तुकडा दिला, मग चरबी आली कुठून?

पत्र असं आहे:

‘डॉक्टर, सहा आठवड्यांपूर्वी मी माझ्या यजमानांना लिव्हर दिलं. माझं वय ३६. ऑपरेशनआधी सगळ्या तपासण्या झाल्या, चरबी अजिबात नाही असं सांगितलं होतं. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशीच्या सोनोग्राफीत मात्र “माइल्ड फॅटी चेंजेस” असं लिहून आलं. राउंडवरचे डॉक्टर म्हणाले, “होतं असं, लिव्हर वाढतंय,” आणि पुढच्या कॉटकडे गेले. घरी आल्यावर सासूबाईंनी तो कागद शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला. तेव्हापासून माझ्या ताटातलं तेल, तूप, दूध, शेंगदाण्याची चटणी सगळं बंद. दोन वेळेला एकेक भाकरी, उकडलेला दुधी आणि वरणाचं वरचं पाणी. चुलतदीर गुळवेलीचा काढा पाठवतात, तो सकाळी उपाशीपोटी घेते. वजन ५४ होतं, ते ४९ झालंय. उठताना चक्कर येते. मधे यजमानांचे एन्झाइम वाढले (औषधाचा डोस बदलल्यावर ते खाली आले), तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हिचंच लिव्हर चरबीचं होतं, तेच त्याला बसवलं.” त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्यांना खराब लिव्हर दिलं का? आणि माझं उरलेलंपण खराब झालं का? सोबत रिपोर्टच्या झेरॉक्स पाठवते आहे. नाव छापू नका.
एक वाचक, सोलापूर जिल्हा’

ताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. झेरॉक्स दोनदा वाचल्या आणि मगच लिहायला बसले. मला काळजी तुमच्या चरबीची वाटत नाही. तुमच्या ताटाची वाटते आणि त्या चक्करेची वाटते. चक्करेसाठी पुढच्या तारखेची वाट बघू नका. याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम-पोटॅशियम आणि फॉस्फेट तपासून घ्या आणि ते आकडे ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोनवर कळवा. फॉस्फेट मुद्दाम लिहिते आहे. लिव्हरचा मोठा भाग काढल्यावर सुरुवातीला ते बऱ्याच जणांचं उतरतं, आणि खाणं तुटलेलं असेल तर भरून यायला वेळ लागतो.

आता पहिला प्रश्न, म्हणजे त्या रात्रीचा.

दात्याची तपासणी करताना लिव्हरमधली चरबी हा अगदी सुरुवातीचा चाळणीचा मुद्दा असतो. इंजेक्शनचा रंग न देता काढलेल्या सिटी स्कॅनवर लिव्हर आणि प्लीहा (पाणथरी, स्प्लीन) शेजारी शेजारी ठेवून त्यांचा उजळपणा मोजतात. निरोगी लिव्हर प्लीहेपेक्षा उजळ दिसतं, चरबी साठत गेली की ते काळवंडत जातं. दोघांमधला फरक आकड्यात मांडतात, त्याला लिव्हर अटेन्युएशन इंडेक्स म्हणतात. तो अधिक ५ च्या वर असला की लक्षात घेण्याजोगी चरबी नाही असं धरतात. तुमच्या तिसऱ्या झेरॉक्सवर, खालून चौथ्या ओळीत, तो अधिक ११ लिहिलेला आहे. पेनाने त्याच्याखाली रेघ मारा. चरबी जास्त निघाली असती तर तुम्हाला वजन उतरवून या म्हणून परत पाठवलं असतं, नाहीतर दुसरा दाता शोधायला सांगितलं असतं. ऑपरेशनच्या दिवशी तुमचं लिव्हर स्वच्छ होतं, आणि यजमानांच्या पोटात गेलं ते हेच.

मग पाच दिवसांत चरबी आली कुठून? राउंडवरच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं ते खरंच होतं, फक्त उभ्याउभ्या सांगितलं. मी बसून सांगते.

तुमचा उजवा भाग काढला म्हणजे साधारण ६० ते ६५ टक्के लिव्हर गेलं. आतड्यांकडून पोर्टल शिरेने येणारं सगळं रक्त, जे आदल्या दिवशीपर्यंत पूर्ण लिव्हरमध्ये पसरत होतं, ते त्या दुपारपासून उरलेल्या एकतृतीयांश भागातून वाहायला लागलं. हा लोंढा हाच पेशींना मिळणाऱ्या पहिल्या इशाऱ्यांपैकी एक. एरवी लिव्हरच्या पेशी शांत असतात, क्वचितच विभागतात. इशारा मिळाल्यावर काही तासांत त्या कामाला लागतात. कापलेला भाग पालीच्या शेपटीसारखा पुन्हा फुटत नाही, उरलेलाच भाग वाढून मोठा होतो. माणसात ही वाढ पहिल्या एकदोन आठवड्यांत सगळ्यांत वेगाने होते, आणि तीन महिन्यांत लिव्हर मूळ आकाराच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचतं. आकार मात्र पूर्वीसारखा दिसत नाही, पुढे कधी स्कॅन काढला तर त्याने घाबरू नका.

एवढं बांधकाम करायचं तर सामान लागतं आणि इंधन लागतं. नेमक्या त्याच वेळी साखर सांभाळणारा अवयव एकतृतीयांश उरलेला असतो. रक्तातली साखर उतरू लागते (म्हणून तर आयसीयूत दर थोड्या वेळाने तुमचं बोट टोचत होते). शरीर मग साठवणीला हात घालतं. पोटावरची, मांड्यांवरची चरबी वितळून रक्तात येते, लिव्हर ती ओढून घेतं आणि पेशींमध्ये थेंबाथेंबाने साठवतं. त्यातली काही जाळून ऊर्जा मिळते, काही नव्या पेशींची आवरणं विणायला जाते.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एमडी करत असताना काही महिने मी प्राण्यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. पांढऱ्या उंदराचं दोनतृतीयांश लिव्हर काढायची पद्धत १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी घालून दिली, आजही जगभर तीच वापरतात. त्या उंदरांचं लिव्हर सात ते दहा दिवसांत भरून येतं. पहिल्यांदा मी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पोट उघडून बघितलं तेव्हा आत गडद तांबूस-तपकिरी लिव्हर नव्हतं. फिकट होतं, पिवळट, मेणचट. माझ्या पोटात गोळा आला, वाटलं प्रयोग फसला. सरांनी मला स्लाइड करायला बसवलं. साध्या पद्धतीने स्लाइड केली की अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, पेशींत नुसती गोल, रिकामी भोकं दिसतात. मग गोठवलेल्या तुकड्याचे काप काढले आणि ‘ऑइल रेड ओ’ नावाचा रंग घातला. तीच भोकं आता लालभडक थेंबांनी भरलेली होती, ओल्या कुंकवाची बोटं झटकावीत तसे थेंब, पेशी न् पेशी भरून. पुढच्या उंदरांच्या पाचव्या-सहाव्या दिवसाच्या स्लाइड मी तशाच रंगवल्या. थेंब जवळजवळ गेलेले आणि लिव्हर मोठं झालेलं. दुसऱ्या दिवशीच्या त्या फिकट लिव्हरकडे बघून मला आजार वाटला होता, तुमच्या सासूबाईंना कागद ऐकून वाटला तसाच.

लग्नघर डोळ्यासमोर आणा. चार दिवस आधी ओसरीवर गव्हाची, साखरेची पोती, तेलाचे डबे, पाय ठेवायला जागा नाही. त्याच दिवशी कुणी परका डोकावला तर म्हणेल, या घरात पसारा फार. पंगती उठल्या की ओसरी मोकळी.

ही चरबी वाढीला लागतेच का, यावर संशोधकांनी बरंच काम केलंय. २००६ मध्ये कॅव्हिओलिन-१ नावाचं प्रथिन नसलेल्या उंदरांवरचा एक प्रयोग गाजला. त्यांच्या लिव्हरमध्ये हे थेंब नीट जमले नाहीत, वाढ अडखळली आणि बरेच उंदीर दगावले; बाहेरून ग्लुकोज पुरवल्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण सुधारलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तसल्याच उंदरांवर काम केलं आणि त्यांना वाढीत तशी अडचण दिसली नाही. तेव्हा एका प्रथिनावर सगळं अवलंबून आहे असं म्हणता येत नाही. वाढीच्या सुरुवातीला लिव्हरमध्ये काही काळ चरबी जमते आणि मग ओसरते, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. माणसात याचं चित्र इतकं रेखीव मिळत नाही, कारण बऱ्या होत असलेल्या दात्याच्या लिव्हरमध्ये दुसऱ्या दिवशी नुसत्या कुतूहलापोटी कुणी सुई घालत नाही, आणि घालूही नये.

सोनोग्राफीबद्दलही एक सांगायला हवं. ती चरबी मोजत नाही, लिव्हर पडद्यावर किती उजळ दिसतं ते बघते. पाचव्या दिवशी लिव्हर सुजलेलं असतं, पोटात गॅस असतो, जखमेवर पट्टी, बाजूला ड्रेनची नळी, आणि प्रोब टेकवला की तुम्ही कळवळणार. अशा वेळी थोडा उजळपणा दिसला की ‘माइल्ड फॅटी’ लिहिलं जातं. सोनोग्राफी त्या दिवशी करतात ती मुख्यतः रक्तवाहिन्या वाहत्या आहेत का आणि कुठे पाणी साठलंय का, हे बघायला. तुमच्या कागदावर या दोन्ही गोष्टी नीट आहेत असं लिहिलंय, पण शेजारच्या मुलाने ती ओळ मोठ्याने वाचली नसावी. तुमचं बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) तिसऱ्या दिवशी ३.१ होतं, चौथ्या आठवड्यात ०.८ आहे. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, १.१. लिव्हर आपलं काम करतं आहे याची ही साक्ष आहे, आणि ती त्या एका शब्दापेक्षा कितीतरी जड आहे.

आता ताटाकडे येते.

लिव्हरमध्ये आलेली ही चरबी तव्यावरच्या तेलातून आलेली नाही. ती तुमच्याच अंगावरून आली. तेव्हा भाकरीवरचं तूप बंद करून ती जाणार नाही. उलट उपाशी राहिलात की शरीर पुन्हा साठवण फोडतं आणि तीच चरबी पुन्हा लिव्हरच्या दारात येऊन पडते. शिवाय लिव्हरला आतली चरबी बाहेर धाडायची तर तिच्याभोवती प्रथिनांचं वेष्टण करावं लागतं. प्रथिनं नसली की ती आतच अडकते. कुपोषणाने अंग सुजलेली लहान मुलं असतात ना, त्यांचं लिव्हर चरबीने भरलेलं असतं आणि घरात तर तेलाचा थेंब नसतो. तुमच्या घरात तुमच्या भल्यासाठी जे चाललंय, ते लिव्हरला त्याच वाटेवर नेणारं आहे.

तुम्ही लिहिलेल्या ताटात दिवसभरात १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतील. मोठ्या ऑपरेशननंतर दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. तुमच्या मूळच्या ५४ किलोला ६५ ते ८० ग्रॅम. म्हणजे तुम्ही गरजेच्या पाव हिश्शावर दिवस काढताय, आणि पोटात एक अख्खा अवयव वाढतोय.

भाकरी सोडू नका, दोनाच्या तीन-चार करा, छोट्या आणि चार वेळा विभागून. वरणाचं पाणी नको, खालचं घट्ट वरण घ्या. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात, मोड आलेल्या मटकीच्या उसळीत तेवढीच किंवा थोडी जास्त. मूठभर शेंगदाण्यात सात. कपभर दुधात सहा. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. शेंगदाण्याची चटणी बंद केल्याचं वाचून मला फार वाईट वाटलं. सोलापूरकडच्या बाईच्या ताटातून तीच काढली तर भाकरी घशाखाली कशी उतरायची? ती परत आणा, तिखट जरा बेताने. दिवसाला तीन-चार चहाचे चमचे तेल स्वयंपाकात आणि एक चमचा तूप, याने तुमचं काही बिघडणार नाही. बंद ठेवायचं असेल तर फरसाण, बेकरीचा माल आणि गोड सरबतं बंद ठेवा. चहात साखर कमी. दारूचा प्रश्न तुमच्या घरात नसावा, तरी लिहून ठेवते: एक थेंबही नको. भूक लागत नसेल तर ताट मोठं करू नका, वेळा वाढवा. रात्री झोपताना दूध घ्या म्हणजे सकाळपर्यंतची पोकळी लहान होते.

गुळवेलीचा काढा आजपासून थांबवा. चुलतदिरांनी मायेने पाठवला हे मी जाणते. पण कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद तज्ज्ञांकडे राहू दे. तुमचं लिव्हर आत्ता एकतृतीयांशावरून वर येतंय आणि त्यावर कसलाच प्रयोग नको, एवढं मला पुरेसं आहे. यजमानांना तर चुकूनही देऊ नका. त्यांची औषधं प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात आणि गुळवेल लोक घेतात ती ती वाढवायला. जाता जाता, त्यातलं टॅक्रोलिमस नावाचं औषध त्यांना चालू असेल तर पपनस आणि ग्रेपफ्रूटही घरात नको, त्या औषधाची रक्तातली पातळी त्याने वाढते.

यजमानांच्या एन्झाइमबद्दल, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणाऱ्या पदार्थांबद्दल. ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या महिन्यांत ते वरखाली होणं नेहमीचं आहे. शरीराने नवं लिव्हर नाकारायला सुरुवात केली, पित्तनलिकेत अडथळा आला, संसर्ग झाला, एखादं औषध मानवलं नाही, अशी कारणं असतात आणि त्यांची टीम त्यातलं नेमकं कोणतं ते शोधून उपाय करते. तुम्ही लिहिलंय की औषधाचा डोस बदलल्यावर एन्झाइम खाली आले. चरबीचं लिव्हर बसवल्याने झालं असतं तर डोस बदलून ते आले नसते. तुमचा तुकडा त्यांच्या पोटात वाढतोय, तुमच्या पोटातला तुमच्या पोटात.

मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर लिव्हरच मिळतं. आपल्या भाषेत काळीज म्हणजे मुळात तेच. ‘काळजाचा तुकडा’ आपण लेकराला म्हणतो, तुम्ही तो खरोखर कापून दिलात. आणि आता त्याबद्दल स्वतःला अपराधी समजून उपाशी राहताय. ताई, हे मला सहन होत नाही.

सासूबाईंवर मात्र राग धरू नका. मुलगा मरणाच्या दारातून आलाय, त्या घाबरलेल्या आहेत, आणि घाबरलेलं माणूस हाताशी येईल त्या कागदात कारण शोधतं. तुम्ही समजावून सांगितलंत तर सून बाजू सावरते असं त्यांना वाटेल. त्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या. आत गेल्यावर डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा: ऑपरेशनआधी माझ्या लिव्हरमध्ये चरबी होती का? आणि मी काय काय खायचं? डॉक्टर घाईत असतील तर आहारतज्ज्ञ बाईंकडे बसा, बहुतेक ट्रान्सप्लांट विभागांत त्या असतात. आणि घरी एक आठवण काढून बघा. तुमच्या बाळंतपणात याच सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळले असतील, खारीक-खोबरं घातलं असेल, भातावर तूप ओतलं असेल. त्यांना हा खुराक चांगला ठाऊक आहे. आत्ताही अंगात एक जीव वाढतोय असं समजून चार घास जास्त वाढा, एवढंच त्यांना सांगायचंय. ही भाषा त्यांना माझ्या सगळ्या स्लाइडपेक्षा लवकर पटेल.

तीन महिन्यांच्या तपासणीत सोनोग्राफी किंवा स्कॅन होईलच. तोवर ही सुरुवातीची चरबी ओसरलेली असावी. तेव्हाही ती दिसली तर ती वेगळी गोष्ट, नेहमीचं फॅटी लिव्हर. मग साखर, थायरॉइड, ट्रायग्लिसराइड, कमरेचा घेर, चालू औषधं असं सगळं बघावं लागेल. जाड माणसाला आम्ही वजन सात ते दहा टक्के उतरवायला सांगतो, पण ४९ किलोच्या बाईला कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका. मधल्या काळात डोळे पिवळे झाले, ताप आला, पोट फुगत गेलं, शौच काळी झाली, उलट्या थांबेनात किंवा गुंगी वाटली तर घरचा उपाय न करता सरळ ट्रान्सप्लांट सेंटरला फोन. आणि पाण्याची घागर, गॅसची टाकी, पिठाचा डबा सध्या दुसऱ्या कुणीतरी उचलायचा. पोटाच्या शिवणीला अजून काही आठवडे जपायचंय.

अंडं खाता की नाही, ते पत्रात लिहिलेलं नाही. खात असाल तर उद्या सकाळपासून दोन उकडलेली, बलकासकट. खात नसाल तर त्याच वेळेला वाटीभर उसळ आणि कपभर दूध. दर सोमवारी वजन करून कॅलेंडरवर लिहीत जा, आणि ५० च्या वर काटा गेला की मला दोन ओळी टाका.